संस्थेनं चालू घडामोडींवर बोलावं का, आणि कधी? (वाचनालयाच्या लेटरहेडचा प्रश्न)

कपाट_क्रमांक_सात:

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आता अडलंय म्हणून धागा काढतोय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आमच्या तालुक्याच्या गावात सार्वजनिक वाचनालय आहे. शंभरी कधीच ओलांडलीय, 'अ' वर्ग, शासनाचं अनुदान सुरू (म्हणजे हप्ता येईल तेव्हा सुरू). मागच्या निवडणुकीत कार्यवाहपद माझ्या गळ्यात पडलं कारण दुसऱ्या कुणी फॉर्मच भरला नाही. काम काय तर पुस्तकखरेदी, बाइंडिंग, वर्गणीची थकबाकी, दिवाळी अंकांची योजना, पावसाळ्यात गळणारं छत. हे सगळं निभावतं. निभावत नाही ते एकच, 'संस्थेनं भूमिका घ्यायलाच हवी' म्हणणाऱ्यांना काय सांगायचं ते.

सुरुवात अशी झाली. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला २६ जणांना मारलं, त्यात सहा महाराष्ट्रातले. सगळेच हादरलेले. अध्यक्ष म्हणाले फलक लावा, लावला, आणि त्याच झटक्यात लेटरहेडवर निषेधाचं पत्रक टाइप करून सभासदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. कुणाची हरकत नव्हती, माझीही नव्हती आणि आजही नाही. पण त्यानंतर प्रत्येक बातमीला पत्रकाची मागणी यायला लागली. मे मध्ये ऑपरेशन सिंदूर झालं तेव्हा एकांनी अभिनंदनाचा ठराव मागितला. जूनमध्ये पहिलीपासून हिंदीचा जीआर पेटला तेव्हा मराठी वाचनालय गप्प कसं म्हणून फोनावर फोन. मग एका प्राध्यापक बाईंनी विचारलं की पत्रक मेलेल्या निरपराधांसाठी होतं ना, मग गाझातल्या मुलांसाठी का नाही, मणिपूरच्या वेळी का नव्हतं. त्यावर एकानं लिहिलं, मग काश्मिरी पंडितांपासून सुरू करा. त्यापुढे मध्यरात्रीपर्यंत ग्रुपवर जे चाललं ते इथे लिहिण्यासारखं नाही, सकाळी बघतो तर काही जुने आजीव सभासद ग्रुप सोडून गेलेले, त्यातले एक काका तर रोज दुपारी पेपर वाचायला येणारे, ते यायचेच बंद झाले.

आणि मागच्या सभेत तर कहरच. 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय', पावणेनऊ वाजलेले, निम्मी मंडळी चहा पिऊन निघून गेलेली, शिपाई किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन दारात उभा, आणि अशा वेळी एका सदस्यानं खिशातून आधीच टाइप केलेला ठराव काढला, सूचक-अनुमोदकाच्या नावांसकट. मी 'पुढच्या सभेत घेऊ' म्हणून वेळ मारून नेली. पुढची सभा महिनाअखेरीला आहे.

तर तुमच्या संस्थांमध्ये, मंडळांमध्ये, कंपन्यांमध्ये हे कसं ठरतं? काही नियम आहे का, की अध्यक्षांना वाटेल तसं? आणि एकदा बोललं की पुढे प्रत्येक वेळी बोलावं लागतं याला काही उपाय?

तिरपागडा:

सोप्पंय. ग्रुप 'ओन्ली ॲडमिन' करा. (ह.घ्या.)

निवृत्त_वकील:

आधी घटना काढा. भारताची नव्हे, संस्थेची. जुनी वाचनालयं बहुतेक १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली असतात, तुमचंही असेल. त्यात 'उद्देश' म्हणून एक कलम असतं जे नोंदणीच्या दिवसानंतर कुणी वाचलेलं नसतं. ते वाचा. संस्थेचं नाव आणि पैसा ज्या कामासाठी लोकांनी दिला ते काम तिथे लिहिलेलं आहे. त्या कामाला ज्याची झळ लागते त्यावर बोलायला तुम्हाला नुसता अधिकार नाही, ती तुमची जबाबदारी आहे, आणि ज्याची झळ लागत नाही त्यावर कार्यकारी मंडळातल्या डझनभर लोकांनी शेकडो सभासदांच्या वतीने मत ठोकून द्यायला तुम्हाला कुणी निवडून दिलेलं नाही. तुम्हाला छत दुरुस्त करायला निवडून दिलंय.

ही काही माझी अक्कल नाही. १९६७ साली व्हिएतनाम युद्धावरून अमेरिकेतली विद्यापीठं तापलेली असताना शिकागो विद्यापीठानं हॅरी कॅल्व्हेन नावाच्या कायद्याच्या प्राध्यापकांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. प्रश्न तुमचाच होता, विद्यापीठानं राजकीय प्रश्नांवर भूमिका घ्यावी का. समितीनं दोन-तीन पानांतच सांगून टाकलं की टीका करायची ती प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी, विद्यापीठानं त्यांना राहायला घर द्यायचं, कारण संस्था एकदा एका बाजूनं बोलली की तिच्यातल्या दुसऱ्या बाजूच्या माणसाचं तोंड आपोआप बंद होतं. अपवाद ठेवले. विद्यापीठाच्या मूळ कामावरच घाला येत असेल तर बोलायचं, किंबहुना बोलायलाच हवं. आणि विद्यापीठ स्वतः मालक म्हणून, जमीनदार म्हणून जे काही करतं त्याचा जाब त्याला द्यावाच लागतो.

तुमच्याकडे लावून बघा. ग्रंथालयांचं अनुदान, पुस्तकावर बंदी, ग्रंथालयावर हल्ला, शाळेतली भाषा, यावर बोला. ५ जानेवारी २००४ ला पुण्यात भांडारकर संस्थेत घुसून मोडतोड झाली, ग्रंथांची नासधूस झाली, त्या दिवशी महाराष्ट्रातल्या प्रत्येक वाचनालयानं पत्रक काढायला हवं होतं, मूळ वादात तुमची बाजू कुठलीही असो. युद्धाचं अभिनंदन हा तुमचा विषय नाही. युद्धाचा निषेधही नाही.

मिसळ_बिनतिखट:

वकीलसाहेब, मांडणी छान, पण असहमत. असा 'उद्देश' बघत बसले असते तर महाराष्ट्र झाला नसता हो. मे १९४६, बेळगावचं साहित्य संमेलन, अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर. साहित्यिकांच्या व्यासपीठावर संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. तेव्हाही कुणीतरी म्हणालं असेलच की कथा-कवितेचं बघा, राज्याच्या सीमा तुमचा विषय नाही. पण ठराव केला आणि तिथेच थांबले नाहीत, त्याच वर्षी जुलैत मुंबईला एकीकरण परिषद भरली, शंकरराव देवांकडे धुरा गेली, पुढचं १ मे १९६० पर्यंतचं सगळ्यांना माहितीय.

आणि दुसरं, कराड, डिसेंबर १९७५. आणीबाणी चालू. स्वागताध्यक्ष कोण तर केंद्रात मंत्री असलेले यशवंतराव चव्हाण. आणि त्या व्यासपीठावर अध्यक्ष दुर्गाबाई भागवत आणीबाणीविरुद्ध बोलल्या, जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली. पुढे तुरुंगात गेल्या. त्या वेळी कुणी उद्देशाचं कलम काढलं असतं तर?

संस्था गप्प बसली म्हणजे ती तटस्थ राहिली असं होत नाही. गप्प बसण्याचाही लोक अर्थ लावतातच.

निवृत्त_वकील:

बेळगाव मान्य. मराठी मुलूख एका राज्यात असावा हा मराठी साहित्य संमेलनाच्या कामाशी थेट जोडलेला प्रश्न होता, म्हणजे माझ्याच बाजूचं उदाहरण दिलंत. आणि ठरावामागे काम होतं हे तुम्हीच लिहिलंत. नंतर वर्षानुवर्षं सीमाप्रश्नाचा ठराव संमेलनात टाळ्यांच्या गजरात मंजूर होतो आणि लोक जेवायच्या रांगेत जातात, त्याचं काय झालं तेही बघा.

कराडचं मात्र तुम्ही उलटं वाचताय. दुर्गाबाई बोलल्या. संमेलन भरवणारं साहित्य महामंडळ नाही बोललं. महामंडळानं निवेदन काढलं असतं तर ते चार जणांनी घासूनपुसून गुळगुळीत केलेलं एक पान झालं असतं आणि आज तुम्हाला आठवलंही नसतं. संस्थेनं त्या दिवशी केलं ते इतकंच की माइक बंद केला नाही. संस्थेचं काम ते. आता यवतमाळचं संमेलन आठवा, जानेवारी २०१९. इंग्रजी लेखिका नयनतारा सहगलना उद्घाटनाला बोलावलं आणि मग निमंत्रण मागे घेतलं. तिथे संस्थेकडून कुठलं निवेदन हवं होतं कुणाला? कुणालाच नाही. माइक चालू ठेवायचा होता, तेवढं नाही जमलं. अध्यक्ष अरुणा ढेरे यांना त्याच व्यासपीठावरून आयोजकांचं चुकलं हे सांगावं लागलं, आणि सहगलबाईंचं न झालेलं भाषण सगळीकडे छापून आलं ते आलंच.

म्हणून कपाटराव, तुमच्या प्राध्यापक बाईंना पत्रक देऊ नका, हॉल द्या. रविवारी संध्याकाळी गाझावर बोलू दे त्यांना, स्वतःच्या नावानं. सिंदूरवाल्यांना पुढचा रविवार द्या.

फोंडेकार:

गोव्याचा अनुभव सांगतो, थोडक्यात. १९८५ ते ८७ राजभाषेचं आंदोलन पेटलं होतं, ४ फेब्रुवारी १९८७ ला कायदा झाला. तेव्हा ज्या संस्था मराठीच्या बाजूनं उभ्या राहिल्या आणि ज्या कोंकणीच्या, त्यांच्यावर तो शिक्का आजपर्यंत आहे, मग आत कुठलीही पुस्तकं ठेवा. बरोबर की चूक ते नाही म्हणत, भाषेच्या संस्थेनं भाषेवर बोलायचं नाही तर कुणी बोलायचं. पण पक्कं समजून बोला, परत घेता येत नाही.

घाटावरची:

मी मुंबईत एका मोठ्या कंपनीच्या कॉर्पोरेट कम्युनिकेशनमध्ये बरीच वर्षं काढली (नाव विचारू नका), त्यामुळे हा प्रश्न माझ्या टेबलावर दर पंधरा दिवसांनी असायचा. वरच्या लोकांना वाटतं की प्रश्न 'बोलायचं की नाही' हा आहे. खरा घोळ त्याआधी असतो, बोलणार कोण आणि पासवर्ड कुणाकडे.

ह्युंदाईचं आठवतंय का, फेब्रुवारी २०२२. पाकिस्तानातल्या एका डीलरच्या हँडलवरून काश्मीरबद्दल पोस्ट पडली, इकडे बॉयकॉट सुरू, ह्युंदाई इंडियाला निवेदन काढावं लागलं आणि प्रकरण इतकं वर गेलं की दक्षिण कोरियाच्या परराष्ट्रमंत्र्यांनी जयशंकरांना फोन करून खेद व्यक्त केला. कंपनीनं काही ठरवलेलंच नव्हतं! कुणीतरी पोस्ट केली आणि ती कंपनीची भूमिका झाली. तुमच्या वाचनालयाचं फेसबुक पेज असेलच, ते कोण चालवतं? बहुतेक ग्रंथपालांचा भाचा. आधी तो पासवर्ड घ्या.

दुसरं म्हणजे त्याची किंमत कोण मोजणार. ऑक्टोबर २०२० मध्ये तनिष्कनं दोन धर्मांतल्या कुटुंबाची डोहाळजेवणाची जाहिरात केली, ट्रोलिंग झालं, जाहिरात मागे घेतली. लोक भित्रे म्हणाले. पण त्यांच्या निवेदनात कर्मचारी आणि दुकानातल्या स्टाफच्या सुरक्षिततेचा उल्लेख होता, आणि ते मला पटतं, कारण भूमिका बोर्डरूममध्ये घेतली जाते आणि काच फुटते ती शोरूमची, तिथे उभी असलेली मुलगी तर मीटिंगला नव्हती ना. तुमच्याकडे काउंटरवर कोण बसतं? ग्रंथपाल बाई एकट्या असतात ना संध्याकाळी? पत्रक काढण्याआधी त्यांना विचारलं होतं का कुणी?

आणि तिसरं, हे मला फार आवडलेलं उदाहरण. त्याच महिन्यात राजीव बजाज यांनी सांगितलं की द्वेष पसरवणाऱ्या तीन चॅनेलना आम्ही जाहिराती देत नाही. लांबलचक निवेदन नाही, आपल्या हातातला पैसा कुठे जातो एवढंच. राहुल बजाज तर त्याच्या आदल्या वर्षी, ३० नोव्हेंबर २०१९ ला, मुंबईत एका पुरस्कार समारंभात अमित शहा समोर बसलेले असताना उठून म्हणाले की उद्योगपती सरकारवर टीका करायला घाबरतात. तेही स्वतःच्या तोंडानं. वकीलकाकांच्या मुद्द्याला एवढी पुस्ती.

आम्ही ऑफिसात एक प्रश्न विचारायचो, निवेदन काढल्यावर दुसऱ्या दिवशी आपण काय करणार आहोत? उत्तर 'काही नाही' आलं की निवेदन नाही. दहातली आठ तिथेच गळायची.

एडिसनकर:

न्यू जर्सीतून लिहितोय, इथल्या एका महाराष्ट्र मंडळाच्या कमिटीवर होतो. आमच्याकडे कायदाच थोडं काम सोपं करतो, ५०१(सी)(३) संस्थेला (म्हणजे करमाफी असलेल्या धर्मादाय संस्थेला) १९५४ पासून निवडणुकीत कुठल्याही उमेदवाराचा प्रचार करता येत नाही, केला तर टॅक्सची सवलत जायची भीती. त्यामुळे 'अमुकला पाठिंबा द्या' म्हणणाऱ्याला नियम दाखवून गप्प करता येतं. पण घडामोडींवर बोलायला कायद्याची आडकाठी नाही, तिथे आपली आपणच ठरवायची.

२०२० च्या उन्हाळ्यात जॉर्ज फ्लॉइडच्या खुनानंतर इथे यच्चयावत संस्थांनी निवेदनं काढली, बँका, शाळा, आइस्क्रीमवाले, सगळे. सवय लागली. मग ऑक्टोबर २०२३ आला, हमासचा इस्रायलवर हल्ला आणि गाझाचं युद्ध, आणि सगळ्यांची बोबडी वळली, कारण आता कुणाच्या बाजूनं लिहायचं? हार्वर्डनं पहिल्यांदा उशिरा लिहिलं, मग पुन्हा लिहिलं, मग आणखी खुलासा, प्रत्येक वेळी वेगळा गट नाराज. ५ डिसेंबरला तीन विद्यापीठांच्या अध्यक्षांची काँग्रेससमोर उलटतपासणी झाली, पेन्सिल्व्हेनियाच्या मॅगिल चार दिवसांत गेल्या, हार्वर्डच्या क्लॉडीन गे यांनी २ जानेवारीला राजीनामा दिला (त्यात वाङ्मयचौर्याचे आरोपही होते, सगळं निवेदनाच्या माथी नको मारायला). मे २०२४ मध्ये हार्वर्डनं ठरवलं की विद्यापीठाच्या मूळ कामाशी संबंध नसलेल्या विषयांवर आता अधिकृत निवेदन नाही. म्हणजे शिकागोवाल्यांनी १९६७ ला सांगितलेलं यांना ५७ वर्षांनी पटलं. आता टीकाकार म्हणतात की गप्प बसायची आठवण बरोबर याच वेळी कशी झाली, आणि त्यातही तथ्य आहे. नियम करायचा तर शांततेच्या काळात करा, भांडण पेटल्यावर केलेला नियम कुणालाच नियम वाटत नाही.

घाटावरचीताईंच्या 'दुसऱ्या दिवशी काय करणार' ला तर +१००. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलर फी जाहीर झाली तेव्हा आमच्याकडे पत्रक काढा म्हणून गलका. पत्रक वाचणार कोण, व्हाइट हाऊस? त्यापेक्षा इमिग्रेशनच्या वकिलांना बोलावून झूमवर प्रश्नोत्तरं ठेवली. गणपतीच्या आरतीला नसते इतकी माणसं लॉग-इन झाली.

निळी_शाई:

धागा वाचते आहे, सगळे फार समजूतदार बोलताय. एक विचारू? 'चालू घडामोड' ठरवतं कोण?

एडिसनकर, तुमच्याच देशातली गोष्ट. २१ फेब्रुवारी २०२३ ला सिॲटलनं जातीवरून भेदभावाला बंदी घातली, तो ठराव आणणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या. मग कॅलिफोर्नियात तसंच विधेयक, एसबी ४०३, आलं, विधिमंडळात मंजूर झालं, ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरनी व्हेटो केला. माझा भाऊ तिकडे आहे. त्याच्या मंडळात सांगितलं गेलं की हा राजकीय विषय आहे, मंडळ तटस्थ राहील. ज्याला ऑफिसात पाठीवर हात फिरवून जानवं आहे का बघतात की काय असं वाटत राहतं त्याच्यासाठी तो राजकीय विषय नव्हता हो. आणि त्याच मंडळानं त्याच वर्षी दुसऱ्या दोन विषयांवर निवेदनं काढली होती, ती 'आपल्या समाजाचा प्रश्न' म्हणून. म्हणजे समाज कुठला ते कळलं.

इकडचं घ्या. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळानं जुलै १९७८ ला केला, वस्त्या जळल्या, आणि नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. मधली जवळपास सोळा वर्षं. प्रत्येकानं आपापल्या वाचनालयाची त्या वर्षांची इतिवृत्तं काढून बघावीत, कशाकशावर ठराव आहेत आणि कशावर नाहीत.

वकीलसाहेबांनी शिकागोचं सांगितलं पण पुढचं नाही सांगितलं. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेष चालू असताना तिथल्या कंपन्यांतले शेअर विका अशी मागणी झाली तेव्हा हाच अहवाल पुढे करून विद्यापीठ नाही म्हणालं. २००७ ला सुदानमधल्या दारफुरच्या हत्याकांडाच्या वेळी पुन्हा तेच. पैसा तिथे गुंतलेला होता, तरी 'आम्ही भूमिका घेत नाही'. गुंतवणूक ही भूमिका नाही?

निवृत्त_वकील:

निळीताई, गुंतवणुकीचा मुद्दा बिनशर्त मान्य. अहवालातच मालक म्हणून जबाबदारीचा अपवाद होता, तो त्यांनी वापरला नाही याला काय म्हणायचं. वाचनालयाला तेच लागू, तुमचा हॉल कुणाला भाड्यानं देता, कुणाला 'त्या दिवशी बुक आहे' सांगता, कुठली पुस्तकं घेता, बाबासाहेबांचे शासनानं काढलेले खंड कपाटात आहेत की गोदामात, ही सगळी भूमिकाच आहे आणि ती पत्रकापेक्षा मोठी आहे.

मात्र तुमच्या बाकीच्या उदाहरणांवरून मी उलट निष्कर्ष काढतो. मंडळानं दोन विषयांवर बोलून तिसऱ्यावर तटस्थता आठवली म्हणूनच ती झोंबली. कशावरच बोललं नसतं तर?

निळी_शाई:

तर भाऊ वर्गणी भरत राहिला असता, एवढंच झालं असतं. झोंबलं असतं ते तसंच झोंबलं असतं. पण हो, अपमान कमी वाटला असता, ते खरंय.

माझं म्हणणं सोपं आहे. आपल्या सभासदाला त्रास होत असेल तर ती 'घडामोड' राहत नाही, संस्थेचं काम होतं. लांबच्या युद्धावर नका बोलू, मला चालेल. पण सभासदाच्या घरासमोर काही झालं तर उद्देशाचं कलम दाखवू नका.

मिसळ_बिनतिखट:

निळी_शाई +१.

आणि उशिरा बोलणं हे गप्प बसण्याहून वाईट, हेही लिहून ठेवा. ३० ऑगस्ट २०१५ ला कलबुर्गींना घरात गोळ्या घातल्या. साहित्य अकादमीचे पुरस्कारप्राप्त लेखक. म्हणजे वकीलसाहेबांच्या कुठल्याही कसोटीवर अकादमीचा विषय, लेखकालाच मारलंय. अकादमीच्या कार्यकारी मंडळाचा निषेधाचा ठराव झाला २३ ऑक्टोबरला, तोही लेखक एकामागून एक पुरस्कार परत करायला लागल्यावर आणि दारात मोर्चा आल्यावर. पहिल्या आठवड्यात चार ओळी लिहिल्या असत्या तर पुढचं निम्मं रामायण टळलं असतं.

कपाट_क्रमांक_सात:

सगळ्यांचे आभार, अपेक्षेपेक्षा बरंच मिळालं. घटना काढली. उद्देश: 'ग्रंथसंग्रह करून वाचनाभिरुची वाढविणे व ज्ञानप्रसारास साहाय्य करणे.' बास, एवढंच. फेसबुक पेजचा पासवर्ड भाच्याकडे नाही, माजी कार्यवाहांच्या मुलीकडे आहे आणि ती आता बंगळुरूला असते. (घाटावरचीताई, दंडवत.) ग्रंथपाल बाईंनाही विचारलं, त्या म्हणाल्या पत्रकाचं मला काही नाही, पण लोक मला येऊन सांगतात, मी काय सांगू त्यांना ते तरी लिहून द्या.

हिंदीच्या जीआरबद्दल मात्र अजून घोळ आहे. विषय आमचा, यात वाद नाही, पहिलीतली मुलं काय वाचणार हा आमच्या बालविभागाचाच प्रश्न. पण १६ एप्रिलला पहिला जीआर निघाला तेव्हा कुणी काही मागितलं नाही. मागणी आली जून संपताना, जेव्हा दोन्ही ठाकरे ५ जुलैच्या मोर्चाला एकत्र येणार ठरलं होतं. तेव्हा पत्रक काढलं असतं तर ते मोर्चाचं पत्रक झालं असतं. आणि २९ जूनला सरकारनं दोन्ही जीआर मागेच घेतले, नरेंद्र जाधवांची समिती नेमली. मग वाटलं बरं झालं थांबलो. पण थांबलो ते विचारानं की घाबरून, अनुदानाचा हप्ता डोळ्यांसमोर होता हे कसं नाकारू.

निवृत्त_वकील:

एप्रिलमध्ये लिहायचं होतं. राज्याच्या भाषा सल्लागार समितीच्या अध्यक्षांनीसुद्धा एप्रिलमध्येच मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून विरोध कळवला होता, आणि ती तर सरकारनंच नेमलेली समिती. आपल्या विषयावर पक्षांच्या आधी बोललं की मोर्चाला चिकटल्याचा आरोप होत नाही. त्यासाठी कुणी मागणी करायची वाट बघायची नसते, शासननिर्णय वाचत राहायचं असतं. कंटाळवाणं काम आहे.

ठरावाचा मसुदा देतो, बदलून घ्या:

'संस्थेच्या नावे, लेटरहेडवर, फलकावर किंवा समाजमाध्यमांवरील संस्थेच्या खात्यावरून जाहीर निवेदन फक्त ग्रंथ, ग्रंथालये, वाचन, भाषाशिक्षण व अभिव्यक्ती यांना थेट बाधा आणणाऱ्या बाबींवर, तसेच संस्थेचे सभासद, सेवक व वास्तू यांच्या सुरक्षिततेच्या बाबींवर करण्यात येईल. असा विषय सभेच्या विषयपत्रिकेवर आगाऊ नमूद केलेला असावा. आयत्या वेळच्या विषयांत तो घेता येणार नाही. तातडीच्या प्रसंगी अध्यक्ष, कार्यवाह व एक विश्वस्त यांनी एकमताने निर्णय घेऊन पुढील सभेत तो मंजुरीसाठी ठेवावा. निवेदनासोबत संस्था त्या बाबतीत प्रत्यक्ष काय करणार हे नमूद करावे. पदाधिकाऱ्यांस व्यक्ती म्हणून मत मांडण्याची मुभा राहील, मात्र पदाचा उल्लेख करू नये.'

शोकप्रस्ताव यात धरलेला नाही. दोन मिनिटं उभं राहायला नियम लागत नाही, पण त्यात निषेध, मागणी, अभिनंदन काही घालू नका, नावं वाचा आणि बसा.

निळी_शाई:

एक वाक्य वाढवा. 'पंचवीस सभासदांनी लेखी मागणी केल्यास त्या विषयावर सभागृहात खुली चर्चा तीस दिवसांत ठेवण्यात येईल.' नाहीतर 'थेट बाधा' कशाला म्हणायचं ते कायम तेच बारा जण ठरवणार.

निवृत्त_वकील:

चांगलं आहे. घाला.

कपाट_क्रमांक_सात:

घातलं. विषयपत्रिकेवर चौथा विषय म्हणून टाकलाय, छताच्या आधी, म्हणजे लोक उठून जायच्या आत होईल. अध्यक्ष जरा नाखूश आहेत, त्यांना 'पदाचा उल्लेख करू नये' खटकलंय, बघू. प्राध्यापक बाईंना हॉलचं सांगितलं तर त्या लगेच तयार, आणि ठराव खिशात घेऊन आलेले गृहस्थही तयार, फक्त दोघांना एकच रविवार हवाय.

आणि हॉलचं भाडं घ्यायचं का हो यांच्याकडून?

निवृत्त_वकील:

घ्या की. दोघांना एकच दर, आणि पावती फाडा.